सशासाठी आणलेलं वाळलं गवत कसं ठेवावं?

ससा किंवा गिनीपिग पाळला की घरात वाळल्या गवताचा साठा लागतोच, कारण त्यांच्या आहाराचा सर्वांत मोठा भाग तेच असतं. नीटनेटकं दिसावं म्हणून बरेच जण ते घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात कोंबतात. हे टाळाच. गवतात थोडा जरी ओलावा उरला असेल, तर तो आतच अडकतो आणि बुरशी धरते. असं गवत खाऊन पोट बिघडतं, बुरशीची धूळ श्वासातून गेली की फुप्फुसांना त्रास होतो.

त्यापेक्षा जुना सुती उशीचा अभ्रा किंवा पुठ्ठ्याचा खोका उत्तम. अभ्र्यातून हवा खेळते, काड्या घरभर सांडत नाहीत, आणि रिकामा झाला की धुता येतो. डबाच हवा असेल तर त्याला बाजूंनी भोकं पाडा आणि गवत दाबून भरू नका. साठा जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नये, खाली फळी ठेवावी. ओल बहुतेक वेळा तिथूनच चढते. थेट उन्हात ठेवलं तर हिरवा रंग आणि सुवास उडतो, मग ससा तोंड फिरवतो. शेगडी, हीटर यांपासून तर लांबच, वाळलं गवत क्षणात पेट घेतं.

नवं गवत जुन्यावर ओतू नका, आधी जुनं संपवा. वाढण्यापूर्वी मूठभर हातात घेऊन वास घ्या: कुबट वास, काळे-पांढरे डाग किंवा ओलसर गोळे दिसले, तर झटकून वापरायचा मोह नको, सगळं फेकून द्या.