टीव्हीवरचं अ‍ॅप सापडत नाहीये? रीसेट मारायच्या आधी हे बघा

टीव्हीला लावायच्या स्टिकवर किंवा बॉक्सवर एखादं अ‍ॅप दिसेनासं झालं की दुकानदारापासून शेजारच्या पोरापर्यंत सगळे एकच सांगतात, रीसेट मारा. अजिबात मारू नका. रीसेटने सगळे लॉगिन उडतात, आणि आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच घरांत पासवर्ड असतो पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या पोराकडे, ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जातो, तो मीटिंगमध्ये आणि इकडे आई रिमोट धरून बसलेली. एवढं करूनही अ‍ॅप परत येईलच असं नाही, कारण दोष बऱ्याचदा मशीनमध्ये नसतोच. मी नातेवाइकांच्या आणि गल्लीतल्या टीव्हींवर हे काम कायम करतो, अ‍ॅमेझॉनची फायर स्टिक, गुगल टीव्ही, साधे अँड्रॉइड बॉक्स सगळं बघितलंय, रीसेटची वेळ क्वचितच येते.

पहिलं म्हणजे ज्या नावाने शोधताय ते अ‍ॅप अजून आहे का ते बघा. “हॉटस्टार कोठे गयं रे भाऊ?” हा फोन मला अजूनही येतो. हॉटस्टार आणि जिओसिनेमा 14 फेब्रुवारी 2025 ला एकत्र झाले, आता दोन्हींच्या जागी जिओहॉटस्टार आहे. त्याच्या आधी 2023 मध्ये वूट जिओसिनेमात गेलं होतं, म्हणजे जुनं वूट शोधणाऱ्यालाही आता जिओहॉटस्टारच उघडायचंय. अ‍ॅमेझॉनचं मिनीटीव्ही 2024 मध्ये एमएक्स प्लेअरमध्ये मिसळलं. नवं नाव टाकून शोधा, अर्ध्या लोकांचं काम इथेच होतं.

दुसरं, अ‍ॅप होम स्क्रीनवर नाही म्हणजे टीव्हीतून गेलं असं नसतं. फायर स्टिकवर अ‍ॅपच्या पट्टीत शेवटी तीन चौकोन आणि अधिकच्या चिन्हाचं बटण असतं, ते दाबलं की सगळी अ‍ॅप दिसतात, हवं त्या अ‍ॅपवर जाऊन रिमोटवरचं तीन आडव्या रेषांचं बटण दाबा आणि पुढे आणून ठेवा. गुगल टीव्हीवर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे सगळी अ‍ॅप्स, आणि त्या यादीच्या तळाशी बंद केलेली अ‍ॅप्स असा भाग दिसला तर तो नक्की उघडा, कोणीतरी जागा करायला म्हणून डिसेबल करून ठेवलेलं अ‍ॅप तिथे सापडतं. लहान मुलांचं प्रोफाईल चालू राहिलं असेल तरी मोठ्यांची अ‍ॅप गायब दिसतात, प्रोफाईल बदला की आली.

लाईट जाऊन आल्यावर बिघडलं असेल तर तारीख-वेळ बघा. काही बॉक्सवर तारीख मागे जाते, मग सुरक्षेचं सर्टिफिकेट जुळत नाही आणि वायफाय जोडलेलं दिसत असूनही स्टोअर रिकामं उघडतं. ऑटोमॅटिक वेळ चालू करा, बस.

स्टोरेज. बऱ्याच स्टिकमध्ये आठच जीबी असतात, त्यातली काही जागा सिस्टीमच घेते, जागा भरली असेल तर न वापरलेली अ‍ॅप काढा.

आता खरी डोकेदुखी. अ‍ॅपचं नाव बरोबर आहे, जागा आहे, नेट आहे, आणि स्टोअरमध्ये शोधलं तरी ते अ‍ॅप येतच नाही. मी सुरुवातीला इथेच खूप अडकलो होतो, कारण स्क्रीनवर कुठलाही एरर येत नाही, कारणही सांगत नाही, नुसतं दुसरंच काहीतरी दाखवत राहतं. अमळनेरला मामांकडे अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेली स्टिक होती. त्यांना हवं असलेलं भारतातलं अ‍ॅप टाईप केलं तर यायचंच नाही, आणि खाली सुचवलेल्या अ‍ॅपमध्ये हुलू, पीकॉक. ही खूण लक्षात ठेवा. जी अ‍ॅप भारतात चालत नाहीत ती स्टोअर पुढे करत असेल किंवा किमती डॉलरमध्ये दिसत असतील, तर स्टिकमध्ये काहीही बिघाड नाही. ती स्टिक ज्या खात्यावर चालू आहे त्या खात्याचा देश अमेरिका आहे, आणि स्टोअरमध्ये काय दाखवायचं ते त्या देशावरून ठरतं, टीव्ही अमळनेरला आहे का न्यू जर्सीला यावरून नाही. म्हणून रीसेट मारून पुन्हा मुलाच्याच खात्याने लॉगिन केलं तर तेच दिसणार, कितीदाही करा.

इथे लोक काय सांगतात तर मुलाच्या खात्याचाच देश बदला. अ‍ॅमेझॉनच्या वेबसाइटवर खात्याच्या डिव्हायस आणि कंटेंटच्या भागात देश बदलायची सोय आहे हे खरं, पण माझं स्पष्ट मत आहे, त्या वाटेला जाऊ नका. तो तिकडे राहतो, त्याची प्राईम तिकडची, त्याचे पैसे भरलेले चॅनल तिकडचे, आई-वडिलांच्या सिरियलसाठी त्याचं सगळं कशाला हलवायचं? आणि त्याची तिकडची प्राईम इकडच्या खात्याला लागतच नाही. त्यापेक्षा मामांच्या मोबाईल नंबरवर भारतातलं वेगळं खातं काढा, पत्ता इथलाच टाका. मग स्टिकच्या सेटिंग्जमध्ये खात्याच्या भागात जाऊन मुलाचं खातं डीरजिस्टर करा, म्हणजे स्टिकवरून काढा, आणि नवीन खात्याने रजिस्टर करा. डीरजिस्टर करायच्या आधी कोणकोणत्या अ‍ॅपमध्ये लॉगिन आहे त्याची यादी कागदावर लिहून घ्या, कारण ते पुन्हा करावं लागतं. झाल्यावर स्टिकची वायर काढून मिनिटभराने लावा, खात्याच्याच भागात सिंकचा पर्याय आहे तो दाबा आणि मग शोधा. मामांकडे हवं ते अ‍ॅप पहिल्याच ओळीत आलं.

गुगल टीव्हीचं प्रकरण थोडं वेगळं आणि जास्त चिवट. तिथे प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, त्यासाठी तुम्ही त्या देशात असावं लागतं आणि पैसे भरायचं कार्ड वगैरे तिथलंच लागतं, आणि बदल दिसायलाही वेळ लागू शकतो. म्हणजे दुबईहून सुट्टीला आलेल्या भावाने इकडे घाईत देश बदलून टाकला तर तिकडे परत गेल्यावर वर्षभर अडकला. म्हणून इथेही तेच, टीव्हीत घरच्या माणसाचं भारतातलं गुगल खातं दुसरं म्हणून जोडा आणि प्ले स्टोअरमध्ये ते निवडा.

कोणी म्हणेल एवढं करण्यापेक्षा पेनड्राईव्हवरून एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाईल, टाक. टाकता येते बऱ्याच मशीनवर, पण फोनसाठी बनवलेली एपीके गुगल टीव्हीच्या होम स्क्रीनवर बऱ्याचदा येत नाही, सेटिंग्जमधल्या यादीत शोधावी लागते, रिमोटने नीट चालत नाही आणि अपडेट मिळत नाहीत. फायर स्टिक 4के सिलेक्ट तर अँड्रॉइडवर चालतच नाही, वेगा ओएस या अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या सिस्टीमवर चालते, तिथे एपीके बसायचा प्रश्नच नाही. आणि कुठून उतरवलेली एपीके आहे ते माहीत नसताना ज्या टीव्हीवर खात्यांचे पासवर्ड आहेत त्यात ती टाकणं मला पटत नाही.

शेवटचा प्रकार म्हणजे बाजारात स्वस्तात मिळणारे बिननावाचे 4के बॉक्स. त्यात बऱ्याचदा फोनचं अँड्रॉइड टीव्हीसारखं रूप देऊन भरलेलं असतं, गुगलचं सर्टिफिकेट नसतं, त्यामुळे नेटफ्लिक्स स्टोअरमध्ये येत नाही किंवा आलं तरी चित्र धुरकट. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये अबाउटमध्ये जा, प्ले प्रोटेक्ट सर्टिफाईड नाही असं दिसलं तर पुढे झटापट करू नका, कुठल्याही सेटिंगने ते येणार नाही. शिवाय अशाच बॉक्समध्ये आधीपासून व्हायरस भरलेला असतो म्हणून जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने लोकांना सावध केलं होतं, त्यामुळे त्यावर जीमेल किंवा बँकेशी जोडलेलं खातं असेल तर आधी ते काढा. चांगल्या कंपनीची स्टिक त्याच टीव्हीच्या एचडीएमआयला लागते. तिला तिच्यासोबतचाच अ‍ॅडॅप्टर लावा, टीव्हीच्या यूएसबीवर चालवली की बऱ्याचदा करंट पुरत नाही आणि अपडेट अर्ध्यात बंद पडू शकतं. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-रावेरकडच्या उन्हात ती टीव्हीमागे चिकटून तापते, पेटीत एचडीएमआयची छोटी वायर दिलेली असेल तर ती जोडून स्टिक थोडी बाहेर मोकळ्या हवेत लटकती ठेवा.