कोकणात चित्रप्रदर्शन भरवताय? या चुका टाळा

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार चित्रं घेऊन पोहोचतो तेव्हा भिंत, दिवे, टांगायची सोय आणि रोजचा प्रेक्षक हे सगळं आधीच तयार असतं. १९५२ सालापासून तिथे हेच काम चाललंय. वेंगुर्ला, देवगड, गुहागर किंवा श्रीवर्धनला यातलं काहीच हाताशी नसतं. वाचनालयाचा हॉल, शाळेचा वर्ग, मंगल कार्यालय, नाहीतर एखाद्या जुन्या घराची पडवी, जे मिळेल त्याचंच चार-पाच दिवसांपुरतं कलादालन करायचं असतं.

जागेची अडचण आहे, पण बघणाऱ्यांची नाही. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, डोळ्यांची आखणी चालू असताना आपली माणसं दारात तासभर उभी राहतात. त्यांना रेष कळते. त्यांच्यासमोर चित्र नीट मांडलं जात नाही, हे मात्र खरं. समिती प्रदर्शनाकडे कार्यक्रम म्हणून बघते. पाहुणे कोण, पत्रिका कशी, शाल-श्रीफळ किती, यावर महिनाभर बैठका होतात आणि चित्रं भिंतीवर लावायचं काम आदल्या रात्री दोन मुलांवर सोपवलं जातं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

तारीख हॉलच्या वहीत बघून ठरवणं

हॉल रिकामा आहे म्हणून तारीख घेतली, असं हमखास होतं. आधी हवा बघा, मग गावाचं पंचांग. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा सगळ्यात कोरडा काळ. पण जत्राही त्याच दिवसांत असतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासपासून गावोगाव रात्री दशावतार उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी अर्धं गाव दुपारपर्यंत झोपलेलं असतं. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, देवीचा कौल झाल्यावर तारीख जाहीर होते. मालवण परिसरात प्रदर्शन असेल तर ती जाहीर होईपर्यंत फेब्रुवारी-मार्चमधला हॉल पक्का करू नये. देवगड-रत्नागिरी पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये बागायतदाराला डोकं वर काढायला फुरसत नसते. चाकरमानी मेमध्ये येतात, त्यांच्यासाठी प्रदर्शन करायचं असेल तर जरूर करा, पण तेव्हाची हवा दमट असते हे धरून चाला. गणपतीत मात्र नको. पाऊस असतोच, आणि माणसं आरत्या-भजनांत गुंतलेली असतात.

वेळेचंही तसंच. दहा ते सहा ही ऑफिसची वेळ झाली. लहान गावात दुपारी एक ते चार कोणी फिरकत नाही, मग बसलेले स्वयंसेवक कंटाळतात आणि संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी दार बंद. सकाळी दहा ते साडेबारा आणि दुपारी चार ते रात्री साडेआठ अशी वेळ ठेवून बघा. आजूबाजूच्या वाड्यांतून येणाऱ्यांची शेवटची एसटी किती वाजता आहे, ते विचारून घ्या. आठवडी बाजाराचा दिवस प्रदर्शनाच्या दिवसांत येऊ द्या. हातात भाजीची पिशवी घेऊन आत डोकावणारा माणूस हा उत्तम प्रेक्षक असतो.

चिऱ्याच्या भिंतीवर विश्वास ठेवणं

गिलावा न केलेली जांभ्याची भिंत फोटोत फार देखणी दिसते. चित्रासाठी ती कठीण. तिचा लाल रंग आणि भोकाभोकांचा पोत शेजारच्या फिक्या जलरंगाला खाऊन टाकतो. त्यातून चिरा सच्छिद्र, ओल धरतो. खिळा ठोकला की भुगा पडतो आणि फ्रेमच्या वजनाने खिळा सैल होतो. अशा जागेत भिंतीला हातच लावू नका. वरच्या वाशांना किंवा आडव्या लाकडी पट्टीला बारीक स्टीलची तार बांधून चित्रं खाली सोडा, आणि मागे पांढरं किंवा फिकं राखाडी रंगवलेलं प्लायवूडचं पॅनेल उभं करा. मंडपवाल्याकडचा झालरीचा कापड मागे नको. चुण्या आणि चमक दोन्ही नजर ओढतात.

तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण किनाऱ्यावर ती कुठेही मिळते आणि दिसत नाही. हलक्या चित्राला चालते. काचेच्या जड फ्रेमला ती हळूहळू ताणते, गाठ सरकते आणि दुसऱ्या दिवशी चित्र दोन बोटं खाली आलेलं दिसतं, एखादं तर जमिनीवर. जड फ्रेमला तारच हवी. हूक, स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधा लोखंडी खिळा खाऱ्या हवेत लवकर गंजतो आणि गंजाचा ओघळ भिंतीवर, कधी माउंटवरही (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर) उतरतो.

उंचीचा गोंधळ तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असतो. चित्रं इतकी वर लावलेली असतात की मान दुखते. चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा. हिशेब सोपा आहे. फ्रेम २४ इंच उंच असेल तर तिचं अर्धं १२. मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ३ इंच खाली येत असेल, तर ५७ अधिक १२ वजा ३, म्हणजे खिळा ६६ इंचांवर. प्रत्येक फ्रेमच्या मागे हा आकडा पेन्सिलने लिहून ठेवला की लावताना वाद होत नाहीत. लहान मुलांसाठी मुद्दाम एक भिंत खाली, ४० इंचांच्या आसपास करता आली तर फार छान.

फ्रेम सारखी तिरकी होत असेल तर एका हुकाऐवजी दोन लावा. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा बुचाचे तुकडे चिकटवा. फ्रेम हलत नाही, शिवाय मागून हवा खेळते.

दमट हवा विसरणं

खरं नुकसान इथे होतं, आणि ते प्रदर्शन संपल्यावर दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढे ती टिकून राहिली की कागदावर बुरशी धरायला सुरुवात होते.

सगळ्यात वाईट म्हणजे चित्र थेट काचेला टेकवून केलेली फ्रेम. स्वस्त पडते म्हणून विद्यार्थी तशीच करून घेतात. काचेच्या आतून दव धरलं की रंग काचेला चिकटतो, आणि पुढे चित्र सोडवताना रंगाचा पापुद्रा काचेवरच राहतो. मधे माउंट हवाच. माउंटची जाडी काच आणि कागद यांच्यात अंतर ठेवते. शक्य तर आम्लमुक्त बोर्ड घ्या. साधा पुठ्ठा काही वर्षांत कापलेल्या कडेला पिवळा पडतो आणि तो पिवळेपणा चित्रात उतरतो.

दुसरी चूक चित्र चारही बाजूंनी चिकटवण्याची. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. चारही कडा पक्क्या असतील तर त्याला हलायला जागा नसते, मग तो मधे पोट काढतो. प्रदर्शनात जलरंगाच्या चित्रावर लाटा दिसतात त्या याच. उपाय साधा आहे. फक्त वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या लावायच्या, त्याही गव्हाच्या किंवा तांदळाच्या खळीने. सेलोटेप कधीच नाही. तिचा गोंद वर्षानुवर्षांनी तपकिरी होतो आणि त्याचा डाग सहजासहजी निघत नाही.

कॅनव्हास सैल पडला असेल तर मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हातोडीने हलकेच आत ठोका, प्रत्येक कोपरा थोडा थोडा. मागून पाणी शिंपडून कॅनव्हास ताणायची जी युक्ती सांगितली जाते, ती आपल्या हवेत करू नका. ते पाणी लवकर वाळत नाही.

चित्रावर बुरशीचे ठिपके दिसले तर पहिली प्रतिक्रिया ओला फडका हातात घेण्याची असते. त्याने बुरशी पसरते. चित्र फ्रेममधून काढा, बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि सावलीत, हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. उन्हात नको, जलरंग उडतात. वाळल्यावर नाकाला मास्क लावून मऊ ब्रशने उघड्यावर अलगद झटका. डाग राहिला तर राहू द्या. तो घालवायच्या नादात चित्र जातं. मोलाचं काम असेल तर जतनाचं काम करणाऱ्या जाणकाराकडेच न्या.

ट्यूबलाइट आणि हॅलोजन

काचेत ट्यूबलाइटची पांढरी पट्टी दिसते, बघणारा डावी-उजवीकडे सरकत राहतो आणि शेवटी पुढे जातो. दिवा वरून, तिरपा, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत पडू द्या. हॅलोजन तापतो, एलईडी घ्या. खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त असेल तर रंग खरे दिसतात. जलरंगासाठी ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) आणि तैलचित्रासाठी २०० लक्स ही संग्रहालयांत पाळली जाणारी मर्यादा आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपने अंदाज येतो. समोरच्या खिडकीतून ऊन थेट येत असेल तर तिथे कागदावरचं काम नको. आणि वीज जाणार हे धरून दोन-तीन चार्जिंगचे दिवे भरून ठेवा.

उद्घाटनात चित्रांकडे पाठ

हॉलच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या ओळी. समोर मंच, मागे बॅनर. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चित्रं, आणि खुर्च्या इतक्या दाटीने की भिंतीपर्यंत जाताच येत नाही. पाहुणे उशिरा येतात, भाषणं लांबतात, आणि चहा झाला की माणसं निघून जातात. चित्रकार मंचावर बसून हे बघत असतो. मला हे दृश्य बघवत नाही. ज्याने वर्षभर काम केलं, त्याच्या कामाला त्या संध्याकाळी दहा मिनिटंही मिळत नाहीत.

समई खळ्यात, म्हणजे बाहेरच्या अंगणात लावा. काजळी आणि तेलाचे थेंबही मग बाहेरच राहतील. भाषणं खळ्यातच, मांडवाखाली, उभ्याने आणि थोडक्यात करा. दार उद्घाटनाच्या तासभर आधी उघडा, म्हणजे लवकर आलेले आत फिरू लागतात. नंतर चित्रकाराने दोन-तीन चित्रांसमोर उभं राहून बोलावं. रंग कसा लावला, ही होडी कुठल्या बंदरातली, हा घाट कुठला. लोक प्रश्न विचारतात, मनापासून विचारतात. आतल्या खुर्च्या चारच ठेवा, म्हाताऱ्या माणसांसाठी.

चित्रकथी आणि गंजिफा नुसत्या फ्रेममध्ये कोंबणं

सिंधुदुर्गातल्या प्रदर्शनात पिंगुळीची चित्रकथी असतेच, आणि असायलाच हवी. तिथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यापासून ती मांडायची हौस वाढली आहे. पण एक चित्र उचलून काचेत लावलं की तिचं अर्धं अंग जातं. ही चित्रं पोथीतली असतात, एकामागून एक उलटत गोष्ट सांगण्यासाठी. जुन्या पोथ्यांत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे फ्रेम केली की मागचं चित्र कायमचं भिंतीकडे तोंड करून राहतं. अशा जुन्या पानांना फ्रेम नकोच. ती सपाट पेटीत, काचेखाली, कथेच्या क्रमाने ठेवा आणि कोणती कथा आहे ते शेजारी लिहा. नवी चित्रं भिंतीवर चालतील, पण तीही सलग पाच-सहा. कथा सांगणाऱ्या कलावंताला एक संध्याकाळ तरी मानधन देऊन बोलवा. नुसतं प्रमाणपत्र देऊन बोळवण करू नका.

सावंतवाडीच्या गंजिफांचीही, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचीही, तीच गोष्ट. दशावतारी गंजिफेच्या एका संचात १२० पानं असतात, दहा अवतारांची बारा-बारा. हातात मावतील एवढी गोल पानं भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावली तर चार फुटांवरून फक्त रंगीत टिकल्या दिसतात. उतरत्या टेबलावर ठेवा, एकेका अवताराची रांग लावा, जवळ एक भिंग ठेवा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत मुलं रांगेने बघत जातात.

किंमत न लिहिणं

किंमत विचारायला आपली माणसं संकोचतात. एखाद्या बाई चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहतात, शेजारणीला हळूच विचारतात, "केवढ्याचं असेल गो?" आणि जातात. कार्डावर नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत स्पष्ट मराठीत लिहा, चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरात. मूळ चित्रांबरोबर दोन-तीनशे रुपयांत घेता येईल असं काही ठेवा, छोटी रेखाटनं, पोस्टकार्डं. मुंबईत एक आणि गावात दुसरी किंमत सांगू नका. गावात बातमी लगेच फिरते आणि दोन्हीकडचा विश्वास जातो.

आयोजकांचा हिस्सा, वाहतुकीचा खर्च, मोडतोड झाली तर जबाबदारी कोणाची, हे एका कागदावर आधी लिहून दोघांनी सही करावी. ओळखीत कशाला कागद, असं म्हणणाऱ्यांनीच पुढे अबोला धरलेला मी पाहिलाय. हक्कांबद्दलही स्पष्ट असा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित होतो तो लेखी करारानेच. चित्र विकत घेतलं म्हणून त्याचं कॅलेंडर छापायची परवानगी आपोआप मिळत नाही. हे पावतीवरच एका ओळीत छापून टाका.

उतरवताना घाई

शेवटच्या रात्री हॉल रिकामा करून द्यायचा असतो, टेम्पो दारात उभा असतो आणि चित्रं प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळली जातात. आत अडकलेली ओल मग आतच राहते. जुन्या सुती साडीत किंवा चादरीत गुंडाळा, फ्रेमच्या कोपऱ्यांना पुठ्ठा लावा, काचेवर कागदी पट्ट्यांची फुली मारा. दोन चित्रं ठेवताना काचेला काच, पाठीला पाठ. प्लॅस्टिक पाऊस असेल तरच, तेही फक्त प्रवासापुरतं आणि वरून सैल. घरी पोहोचल्यावर त्याच रात्री सोडा, दोन दिवस भिंतीपासून हातभर लांब उभी राहू द्या आणि मगच कपाटात ठेवा. मांडणीची यादी चित्रकार आणि आयोजक दोघांनी मिळून तपासल्याशिवाय टेम्पो हलू देऊ नका.