पट्टेदार वालुकाश्म ओळखताना

मुंबईत भूशास्त्र शिकणाऱ्याची अडचण अशी की, इथला मूळ खडक बसाल्ट आहे. वालुकाश्म (सँडस्टोन) भेटतो तो प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये, नाहीतर राजस्थानातून आलेल्या लाद्यांमध्ये. माझ्या मते सुरुवात लाद्यांपासूनच करावी, कारण ट्रेमधले नमुने हाताळून गुळगुळीत झालेले असतात, तर लादीची कापलेली कड स्वच्छ असते. दुकानांत ‘टीकवूड’ आणि ‘रेनबो’ या नावांनी मिळणाऱ्या सँडस्टोनचे तुटके तुकडे मागितले, तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

पट्टे कितीही लक्ष वेधून घेत असले, तरी आधी कण पाहावेत. दहापट भिंगाखाली ०.०६ ते २ मिलिमीटरचे कण वेगवेगळे दिसले आणि पृष्ठभाग बोटाला खरखरीत लागला, तर तो वालुकाश्म समजावा. ही खातरजमा मुंबईकराने विशेष करावी, कारण गोराई-मनोरीकडे रायोलाइट हा ज्वालामुखीजन्य खडक सापडतो आणि लाव्हा वाहताना रायोलाइटमध्येही पट्टे पडतात.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: हे पट्टे वाळू साचतानाच पडले, की पुढे खडकात पाणी मुरून? टीकवूडचा तुकडा ओला करून एकच तपकिरी रेघ कडेवरून दुसऱ्या बाजूपर्यंत न्याहाळावी. रेघ ओलांडताना कणांचा आकार बदलत असेल किंवा तिच्यालगत अभ्रकाचे पापुद्रे चमकत असतील, तर तो निक्षेपणाचा, म्हणजे वाळू साचतानाच पडलेला, स्तर होय. कण मात्र तेच राहून केवळ रंग बदलत असेल, आणि रेघ बारीक थरांना छेदून किंवा एखाद्या भेगेभोवती वळून जात असेल, तर ती भूजलातील लोहाची करामत असते. हेमॅटाइट या लोहखनिजामुळे तांबडा आणि गोएथाइट या दुसऱ्या लोहखनिजामुळे पिवळट तपकिरी रंग येतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिझगांग यांनी १८९६ मध्ये जिलेटिनच्या थरात असेच लयबद्ध पट्टे दाखवल्यामुळे अशा पट्ट्यांना लिझगांग वलये म्हणतात. अनेकदा एकाच तुकड्यात दोन्ही प्रकार असतात, म्हणून आकृतीत स्तर आणि रंगाचे पट्टे स्वतंत्र रेषांनी काढावेत.

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब फसफसला, तर कणांना जोडणारा पदार्थ बहुधा कॅल्साइट असतो, एवढेच त्यातून कळते. पट्ट्यांचा उलगडा त्याने होत नाही. तिरपे स्तरण, म्हणजे मुख्य थराच्या आत तिरके पडलेले बारीक थर, दिसल्यास मात्र थांबावे: तिरप्या थरांची टोके ज्या बाजूला छाटलेली असतात, ती सहसा मूळची वरची बाजू असते, मग लादी दुकानात कशीही उभी केलेली असो.