सायलेन्सर बदलला आणि गाडी आतून घुमायला लागली? आवाज कमी करताना या चुका टाळा

नवा सायलेन्सर बसवला की पहिले दोन दिवस आवाज कानाला गोड लागतो. मग कधीतरी पेडण्याहून मडगावला जायची वेळ येते. हमरस्त्यावर गाडी ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्थिरावते आणि आत एक जाड, सपाट घूं सुरू होते. कानात दडे बसल्यासारखं होतं, मागे बसलेल्यांचं बोलणं ऐकू येत नाही, झुवारीचा पूल येईपर्यंत डोकं जड होतं. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तोच सायलेन्सर सौम्य वाटतो. त्यामुळे गॅरेजवाल्याला तक्रार पटत नाही आणि गाडीचा मालक स्वतःच बूटमध्ये फोम चिकटवायला लागतो.

हा त्रास बहुतेक गाड्यांत बराच कमी करता येतो, तोही सायलेन्सरचा मूळ बाज न घालवता. पैसे वाया जातात ते उपायांचा क्रम चुकल्यामुळे.

आरपीएम न पाहताच खर्च करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घुमणारा आवाज आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, एका ठरावीक टप्प्यातच येतो. तो टप्पा माहीत नसेल तर कोणताही उपाय अंदाजपंचे होतो.

हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, एका फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे, म्हणजे ८० ठोके, म्हणजेच ८० हर्ट्झचा आवाज. तीन सिलिंडरच्या गाडीत त्याच आरपीएमला ६० हर्ट्झ येतात. तिथे ८० हर्ट्झ गाठायला ३२०० आरपीएम लागतात. आता केबिनकडे पाहा. हॅचबॅक गाडी आतून साधारण दोन-सव्वादोन मीटर लांबीची पोकळी असते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ७७ ते ८६ हर्ट्झ मिळतात. हमरस्त्यावरच्या वेगाला इंजिन जो सूर काढतं, नेमका तोच सूर धरायला केबिन तयार बसलेली असते. आरतीला घुमट वाजवणारा डाव्या हाताने मागचं तोंड उघड-झाक करून आवाज खाली-वर करतो, तसं इथेही करून पाहता येतं. घुमणं चालू असताना एक काच दोन बोटं खाली घ्या. आवाजाची जात लगेच बदलली तर पोकळीचा हात नक्की आहे.

आरपीएम शोधायचा तर गाडी रस्त्यावर आणि लोडवर, म्हणजे इंजिन गाडी ओढत असताना, असायला हवी. गॅरेजसमोर न्यूट्रलमध्ये रेस देऊन ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचं मी ऐकत नाही. न्यूट्रलमध्ये थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो आणि पाइपमध्ये येणारे ठोके कमजोर असतात. काणकोण बायपाससारख्या मोकळ्या पट्ट्यावर, रहदारी नसताना, टॉप गियरमध्ये हळूहळू वेग वाढवा. शेजारी बसलेल्याला टॅकोमीटरवर लक्ष ठेवायला सांगा आणि आवाज कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते लिहून घ्या. मग त्याच वेगाला एक गियर खाली घ्या. आरपीएम चढल्याबरोबर घूं गेली तर दोष एक्झॉस्टचा. गियर बदलूनही तशीच राहिली तर टायर किंवा व्हील बेअरिंग तपासा. टायर वेडेवाकडे झिजलेले असतात आणि बोल सायलेन्सरला लागतो, हे गॅरेजमध्ये नेहमी दिसतं.

फोमच्या चादरींवर विश्वास

८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी चार मीटरहून जास्त असते. पाच-दहा मिलिमीटरचा फोम तिला अडवू शकत नाही. फोमने टायरची सरसर आणि वाऱ्याचा आवाज कमी होतो. त्यामुळे गाडी शांत झाल्यासारखी वाटते, पण घूं आणखी ठळक ऐकू येते.

ब्युटाइल या चिकट रबराच्या जाड शीटचं काम वेगळं आहे. ती थरथरणारा पत्रा जड करून दाबून धरते. म्हणून आधी बोटाच्या पेराने बूटचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा आणि मागचं दार ठोकून पाहा. जिथे ‘टण्ण’ वाजतं तिथे तुकडा लावा. जिथे ‘ठप्प’ येतं तिथे काही करू नका. सगळा पत्रा मढवायची गरज नसते.

गोव्यात त्याआधी एक काम करायलाच हवं. पावसाळ्यात कधीतरी स्टेपनी बाहेर काढून खड्ड्यात हात घाला. मागच्या दिव्याचं रबर सैल झालेलं असेल तर तिथे पाणी साचतं. अशा ओल्या पत्र्यावर शीट चिकटवली की खालून गंज धरतो आणि तो दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो. आधी गळती बंद करा, पत्रा पूर्ण सुकवा, मग शीट लावा.

पाइप गार असतानाच तपासणं

घुमण्यातला मोठा भाग हवेतून न येता थेट बॉडीतून येत असतो. पाइप कुठेतरी क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या दांड्याला), हीट शील्डला किंवा बंपरच्या ब्रॅकेटला टेकलेला असतो. रॅम्पवर गाडी गार असताना पाहिलं तर सगळं मोकळं दिसतं. पण अडीच मीटरचा स्टेनलेस पाइप तीनशे अंशांनी तापला की १२-१३ मिलिमीटर लांबतो. सकाळी करंगळी जाईल एवढी दिसणारी फट फोंड्याहून पणजीला पोचेपर्यंत बंद झालेली असू शकते.

यासाठी टॉर्च घेऊन खुणा शोधाव्या लागतात. काळपट पाइपवर कुठे चांदीसारखी घासलेली चकाकी, किंवा समोरच्या पत्र्यावरचा रंग उडालेला ठिपका. अशी जागा सापडली की पाइप टांगून धरणारा हँगर थोडा वाकवून तिथे दोन-अडीच सेंटिमीटर मोकळीक करा. रबरी हँगर ताठ ओढलेले असतील तर लांबी जुळवून घ्या. आणि लाल-पिवळे पॉलियुरेथेनचे कडक हँगर घरच्या गाडीला लावू नका. ते टिकतात खरे, पण पाइपची थरथर फारशी न गिळता बॉडीला देतात. कंपनीचे मऊ रबर स्वस्त आहेत आणि या कामाला तेच चांगले. दबून गेलेलं इंजिन माउंट (इंजिन पेलणारं रबर) असाच त्रास देतं, तेही याच वेळी पाहून घ्या.

मधला रेझोनेटर काढून टाकणं आणि जाड पाइप

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट ही. कंपनीने गाडीच्या पोटाखाली जो मधला डबा दिलेला असतो तो ठरावीक सूर मारण्यासाठीच असतो. ‘फ्लो वाढेल’ म्हणून तो कापतात, सरळ पाइप घालतात, वर मागे स्ट्रेट-थ्रू सायलेन्सर लावतात. स्ट्रेट-थ्रूमध्ये भोकांच्या नळीभोवती काचेची किंवा बेसाल्टची लोकर असते. ती वरचे, कर्कश सूर खाते. ८० हर्ट्झवर तिचा प्रभाव फारच थोडा. चेंबर असलेला सायलेन्सर खालच्या सुरांना तुलनेने बरा. वर १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला अडीच इंची पाइप लावला तर ताकद मिळत नाही, नुसता खर्ज वाढतो. पावणेदोन ते दोन इंच त्याला पुरतात.

म्हणून मधला रेझोनेटर परत बसवणं हा माझा पहिला सल्ला असतो. नवीन घ्यायचा असेल तर लांब आणि जाड पोटाचा घ्या. बाटलीएवढ्या डब्याने या सुराला फरक पडत नाही.

त्यानेही भागलं नाही तर साइड ब्रँच, ज्याला बरेच जण जे-पाइप म्हणतात. मुख्य पाइपला जोडलेली, शेवट बंद असलेली नळी. तिच्यात शिरलेली लहर टोकाला आपटून परत येते ती मुख्य लहरीच्या बरोबर उलट्या टप्प्यात, आणि दोन्ही एकमेकींना मारतात. लांबी म्हणजे आवाजाचा वेग भागिले वारंवारितेची चौपट. इथे घात होतो तो वेगाच्या आकड्यात. लोक बाहेरच्या हवेचे ३४३ मीटर धरतात. ८० हर्ट्झला १.०७ मीटर येतात, नळी तेवढी कापतात आणि फरक पडला नाही म्हणून उपायालाच नावं ठेवतात. पाइपमधला वायू गरम असतो. अडीचशे अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सुमारे ४५८ मीटर होतो आणि लांबी १.४३ मीटर भरते. बंद नळीतला वायू मुख्य पाइपपेक्षा थोडा गार राहतो, त्यामुळे खरी लांबी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते. वेल्डरला सांगा, लांब ठेव. टोकाची टोपी नुसती टाका मारून बसवा, रस्त्यावर फिरवून पाहा आणि दोन-तीन सेंटिमीटर कापत खाली या. कापलेली नळी वाढवणं कटकटीचं असतं.

जागाही महत्त्वाची. टेलपाइपच्या उघड्या टोकाशी आवाजाच्या लहरीचा दाब जवळजवळ शून्य असतो, तिथे ब्रँच जोडून उपयोग नाही. नळीची जाडी मुख्य पाइपएवढीच ठेवा. पेट्रोलची टाकी, ब्रेकची लाइन आणि वायरिंगपासून ती लांब असू द्या. बंद टोक किंचित वर ठेवा, नाहीतर आत साचलेलं पाणी आपल्याकडच्या खाऱ्या हवेत माइल्ड स्टीलला लवकर खातं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस परवडत असेल तर तेच घ्या.

धुराकडे दुर्लक्ष

टिप, म्हणजे टेलपाइपचं टोक, बंपरच्या आतच संपत असेल तर आवाज बूटच्या तळाशी अडकतो आणि धूरही तिथेच घुटमळतो. मागची काच उघडी असली की तो आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नाही. घूं आणि डोकेदुखी सोबत येत असतील तर आवाजाआधी गळती शोधा. गार इंजिन चालू करून जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतील. टिप बंपरच्या बाहेर दोन-तीन सेंटिमीटर यायला हवी.

धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून आवाज ‘जुळवायचा’ सल्ला कोणी दिला तर तिथून निघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) खाली बेकायदा फेरफाराला मालकावर दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आवाज-प्रदूषणाची मर्यादा मोडली तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. रात्री अकराला वाड्यावर परतताना शेजारच्यांची झोप मोडते ते निराळंच.

काढलेला कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नका. पाणी निथळून, बाहेरून तेलाचा हात फिरवून, कोरड्या जागी उभा ठेवा. जे-पाइपला जागाच नसेल तर मधला भाग कंपनीचा आणि फक्त मागचा डबा नवा, अशी जोडणी करून घ्या. बऱ्याच हॅचबॅक गाड्यांना एवढ्याने पुरतं. काम झाल्यावर आठवडाभराने फ्लँजचे (पाइपच्या जोडांचे) बोल्ट गार इंजिनावर पुन्हा आवळून घ्या.