परकीय भाषेसाठी कॉलेज निवडताय? आधी शेवटच्या वर्षाच्या तासाला बसून या

दर जूनमध्ये गावाकडून दोन-तीन फोन ठरलेले. यंदाचा पहिला मामेभावाच्या मुलाचा. "आत्या, बारावी झाली. जर्मन करायचंय. बेस्ट कॉलेज कुठलं?"

मी उलट विचारलं, "जर्मनची डिग्री हवीय, लेव्हल हवीय, की जर्मनीला जायचंय?" फोनवर शांतता. त्याच्या वयाची असताना मलाही ह्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याची किंमत मी चांगली मोजलीय.

मी कराडची, बी.कॉम. २०११ मध्ये पुण्यात आले. नारायण पेठेत एका सीएकडे दिवसभर व्हाउचर लावायचं काम, आणि संध्याकाळी एक खासगी क्लास. बाहेरच्या बोर्डावर 'सहा महिन्यांत बी २, नोकरीची हमी'. (भाषेच्या लेव्हल ए १, ए २, बी १, बी २ अशा सी २ पर्यंत चढत जातात.) आईने भिशीचे पैसे काढून फी भरली. हॉलमध्ये आम्ही चाळीस जण, आणि सहा महिन्यांत शिक्षक तीन वेळा बदलले. शेवटी पुस्तक ए २ च्या मध्यावर बंद पडलं आणि नोकरीची हमी म्हणजे एक ईमेल निघाला, 'आपला बायोडाटा पाठवावा' असा.

त्यांना शिव्या घालून झाल्यावर मी एक दिवस कॅलक्युलेटर घेऊन बसले. अकाउंट्सवाली ना मी. रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस, सव्वीस आठवडे. झाले २६० तास. आता जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट बी २ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका धरते. आमचे २६० तास म्हणजे तशा साधारण ३४७ तासिका. शिक्षक देवमाणूस असता, एकही दिवस सुट्टी पडली नसती, तरी बी २ होणं शक्य नव्हतं. हे गणित बोर्ड वाचतानाच दोन मिनिटांत झालं असतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर तालुक्याच्या गावीही असे बोर्ड दिसतात. तेव्हा माहितीपत्रकातले महिने मोजू नका, तास मोजा.

त्यानंतर मी रानडे इन्स्टिट्यूटला गेले. फर्ग्युसन रस्त्यावर, पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग. (अर्ध्या पुण्याला रानडे म्हटलं की पत्रकारिता आठवते. ती त्याच आवारात. पहिल्या दिवशी मी चुकून तिकडच्याच रांगेत उभी होते.) जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश अशा भाषांचे सर्टिफिकेट, डिप्लोमा आणि पुढचे अभ्यासक्रम तिथे अर्धवेळ चालतात, त्यामुळे नोकरी किंवा दुसरी डिग्री सांभाळून भाषा होते. माझ्या वर्गात सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा एक मुलगा, दोन गृहिणी आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. काकांचा गृहपाठ कायम पूर्ण असायचा, त्यामुळे आम्हा बाकीच्यांची पंचाईत. सर्टिफिकेटच्या वर्षी बाक पुरत नव्हते, डिप्लोमाला पुढच्या दोन रांगांवर भागलं. भाषेच्या वर्गात ही गळती सगळीकडे असते, आणि म्हणूनच माझा सगळा भर शेवटच्या वर्षावर आहे.

प्रवेशाच्या दिवसांत आपण बघतो काय, तर इमारत, लायब्ररी, पहिल्या वर्षाचा उत्साह. पहिल्या वर्षी सगळेच 'गुटन मॉर्गन' म्हणतात. तुम्ही टी.वाय.चा किंवा डिप्लोमाचा तास बघायला जा. विभागात जाऊन सरळ विचारा, "मॅडम, एक तास मागे बसू का?" मला नकार एकाच ठिकाणी मिळाला. मागच्या बाकावर वहीत फक्त रेघा मारा: किती मुलांनी तोंड उघडलं, आणि तेही त्या भाषेत. एका नावाजलेल्या कॉलेजात मी पन्नास मिनिटं बसले. बावीस मुलं, बोलली चौघं, बाकीचे फळ्यावरचं उतरवून घेत होते. दुसरीकडे पत्र्याच्या शेडशेजारची खोली, पंखा कुरकुरणारा, मुलं अकरा, बोलली नऊ. चुकत होती, एकमेकांना सुधारत होती, एकीने तर मॅडमनाच आर्टिकलवरून अडवलं. ह्या दोन्हींतलं कुठलं निवडायचं, हे मी सांगायला नको.

तासाला बसलात की शिक्षकांकडे आणखी एका कारणाने बघा. त्यांना आपली मराठी दिसते का? जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून हिंदी-इंग्रजीतून शिकवलेली मुलं घाबरतात. आपल्याला तीन लिंगांची सवय पाळण्यापासून. आमच्या डिप्लोमाच्या मॅडमनी 'डास मेडशन' फळ्यावर लिहिलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, मुलगी नपुंसकलिंगी कशी? मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्ही 'ते पोर', 'ते बाळ' म्हणता ते?" तसंच दुसरा एक 'डास' (dass), म्हणजे आपला 'की', लावून येणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं. त्यावर लोक आठवडा घालवतात. मॅडमचं एकच वाक्य: "मराठीत क्रियापद जिथे रोज बसतं, तिथेच बसवा." झालं! लिंगं शब्दाशब्दाला जुळत नाहीत, टेबल आपल्याकडे 'ते' आणि जर्मनमध्ये पुल्लिंगी, ते पाठच करावं लागतं. पण भीती गेली की पाठांतर हलकं होतं.

डिग्रीचं म्हणाल तर बारावीनंतर पूर्ण वेळ भाषाच करायची असेल, तर पुण्याबाहेरही बघा. दिल्लीच्या जेएनयूत आणि हैदराबादच्या इफ्लूत (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) परकीय भाषेत बी.ए. करता येतं. जेएनयूच्या बी.ए.ला २०२२ पासून सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश होतो. तिथे शून्यापासून सुरुवात असते, आधी भाषा यायलाच हवी असं नाही. चिनी, कोरियन, अरबी, फारसी असे पर्यायही मिळतात, आणि वसतिगृहात अवतीभवती तीच भाषा घोकणारी मुलं असतात. गावाकडच्या मुलांना हे माहीतच नसतं म्हणून मुद्दाम लिहितेय. पोर्तुगीज हवी असेल तर दिल्लीच कशाला, गोवा विद्यापीठात एम.ए.पर्यंत सोय आहे.

पुण्यात फर्ग्युसनसारख्या कॉलेजात बी.ए.ला जर्मन घेता येतं. मात्र कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसात एक प्रश्न नक्की विचारा: "गेल्या वर्षी टी.वाय.ला स्पेशल जर्मनला किती जण होते?" पुरेशी मुलं नसली तर स्पेशलची बॅच चालत नाही आणि मग इतिहास-राज्यशास्त्राकडे वळावं लागतं. खिडकीवरच्या बाई आकडा न सांगता "होतात, होतात" म्हणाल्या, तर काय ते समजून जा. पुढे प्राध्यापकी करायची असेल तर एम.ए. आणि नेट-सेट लागणारच, तिथे डिप्लोम्यांची चळत कामाची नाही.

उलट जर्मनीला जायचं असेल तर विद्यापीठाच्या सर्टिफिकेटवर भागत नाही. व्हिसाला आणि तिकडच्या प्रवेशाला गोएथे, टेल्क, टेस्टडाफ अशा ठरावीक परीक्षा मागतात. पुण्यात त्यासाठी बोट क्लब रोडचं मॅक्सम्युलर भवन आहे, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटचीच इथली शाखा. (ज्यांचं नाव दिलंय ते संस्कृतचे जर्मन अभ्यासक मॅक्सम्युलर स्वतः भारतात कधी आलेच नाहीत.) गोएथेच्या बी १ ला वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. माझे तीन निघाले, श्रवण ५३ वर अडकलं. कारण तोवर मी जर्मन ऐकली होती ती फक्त माझ्याच शिक्षकांच्या तोंडून, सावकाश, पुणेरी उच्चारात. राहिलेला भाग एकटा देता येतो म्हणून निभावलं. वर्गात रेकॉर्डिंग किती वाजवतात हे तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारायला लावते.

जपानीवाल्यांचा घोटाळा वेगळाच. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नाही, शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच. त्यामुळे क्लासेस पर्यायावर खूण करायला शिकवतात आणि एन ३ (तिथली मधली लेव्हल) झालेला मुलगा मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना अडखळतो. आमच्या ऑफिसात असे दोघे येऊन गेले.

नोकरीचं थोडक्यात. नुसत्या भाषेवर मिळते, पण साधं भाषांतर आता मशीन करतं. मी आज चाकणच्या बाजूला एका कंपनीत जर्मन पुरवठादारांची बिलं आणि पत्रव्यवहार बघते, ते जर्मन येते म्हणून आणि बी.कॉम. आहे म्हणूनही. त्यामुळे बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंग सोडून भाषेकडे वळू का, असं विचारणाऱ्याला मी आधी अर्धवेळचा रस्ता दाखवते. ज्याला साहित्य, शिकवणं, दुभाष्याचं काम मनापासून हवंय, त्याने बिनधास्त पूर्ण वेळ करावं. आणि अकरावी-बारावीत मार्कांसाठी जर्मन घेऊन ९५ पडलेत म्हणून भाषा येते, असं मात्र धरून चालू नका.

भाचा मागच्या मंगळवारी येऊन गेला. दोन कॉलेजांत तासाला बसला, संध्याकाळी वही माझ्यापुढे टाकली. एका पानावर सहा रेघा, दुसऱ्यावर चौदा. "आत्या, चौदावाल्या कॉलेजला हॉस्टेल नाही." मग रात्री जेवणं झाल्यावर आम्ही त्याच वहीच्या मागच्या पानावर खोलीचं भाडं आणि मेसचा हिशोब मांडायला घेतला.