वस्तीचा नकाशा काढायला निघण्याआधी

वस्तीतल्या लोकांनीच आपल्या गल्ल्यांचा आणि प्रदूषणाच्या त्रासाचा नकाशा काढून सरकारी कार्यालयात न्यायचा, त्याची ही तयारी. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या पोरापोरींसोबत गल्ल्या फिरून जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. रिफायनऱ्यांशेजारी माहूलच्या इमारतींत राहणारे किंवा चंद्रपुरात औष्णिक केंद्राच्या धुरात राहणारे कुणीही हीच तयारी करू शकतील, फक्त नावं बदलावी लागतील.

आधी कागदावर एकच ओळ लिहा: हा नकाशा कुणाच्या टेबलावर ठेवायचा आहे? वॉर्ड ऑफिसात नाल्याची तक्रार द्यायची असेल तर एका गल्लीचा मोठा नकाशा पुरतो. प्रदूषण मंडळाकडे जायचं असेल तर चिमणी, वारा आणि घरं एकाच कागदावर दिसायला हवीत. नव्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर दिवस मोजायला लागा. प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे लोकांना किमान ३० दिवसांची नोटीस मिळते, आणि तेवढ्यात सगळं उरकावं लागतं. हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या, बहुतेक वादांत तर घटनेपासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पानावर तारीख टाका. आमचा पहिला नकाशा खूप मन लावून काढलेला होता, पण त्यावर ना तारीख होती ना उत्तर दिशा. एका कार्यालयात तो दोन मिनिटांत परत आमच्याकडे सरकवला गेला. त्या दिवशी घरी परतताना मुली गप्प गप्प होत्या, ते माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

मग सरकारी नकाशे जमवा. मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्यात तुमचा भाग शोधा, मोबाइलवरच्या नकाशातही बघा, आणि तुमच्या गल्लीतलं काय काय तिथे नाही ते वहीत लिहा. अंगणवाडी, पाण्याची मोटर, मदरसा, बुद्धविहार, पावसात तुंबतो तो कोपरा. नकाशाचं खरं काम याच यादीतून सुरू होतं. एखादा कागद कार्यालयात असूनही हातात मिळत नसेल तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज टाका आणि उत्तराचे ३० दिवस वेळापत्रकात धरा.

इतिहासाचे कागद वेगळ्या पिशवीत ठेवा. हे मी मुद्दाम सांगते, कारण प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच, "डम्पिंगशेजारी राहायला आलात कशाला?" देवनारचं डम्पिंग, म्हणजे मुंबईचा कचरा टाकायचं मैदान, १९२७ पासूनचं, साधारण १३२ हेक्टरांवर पसरलेलं. पण त्याला लागून असलेल्या गोवंडीतल्या शिवाजीनगरच्या पहिल्या रहिवाशांना सत्तरच्या दशकात पालिकेनंच दुसरीकडच्या झोपड्या हटवून इथे आणून वसवलं. ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पमधली माणसं १९७६ साली जनता कॉलनी उठवल्यावर तिथे आली. म्हणून म्हाताऱ्या माणसांना त्यांची पत्र्याची पेटी उघडायला सांगा. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेचा फोटोपास (झोपडीधारकाला मिळालेलं फोटोसह ओळखपत्र) एखाद्या घरी अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सापडतो. मूळ कागद हातात घेऊन बाहेर पडू नका, तिथेच फोटो काढून परत पेटीत ठेवायला द्या. कुठून आणलं, कुणी आणलं, तेव्हा इथे काय होतं, हे नकाशाच्या बाजूच्या पट्टीत आलं की तो प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर कागदावरच मिळतं.

सामान फार लागत नाही. रांगोळी, खडू, मूठभर तूरडाळ, बाटल्यांची झाकणं, चार-पाच मोठे चार्ट पेपर, जाड मार्कर, आखलेली वही, पॉवर बँक, आणि जून ते सप्टेंबर असेल तर प्लॅस्टिकच्या पिशव्या. पहिला नकाशा मोबाइलवर काढू नका. दुपारी दोनच्या सुमाराला, पाणी भरून आणि स्वयंपाक उरकून बायका जरा मोकळ्या होतात तेव्हा, समाजमंदिराच्या फरशीवर रांगोळीने गल्ल्या आखा. नळाला झाकण, दमेकऱ्यांच्या गल्लीत तूरडाळ. एकदा एका आजींनी नळ स्टेशनपेक्षाही लांब काढला. मुलं हसून तो पुसायला निघाली. आजी म्हणाल्या, "राहू दे, बाळा. हंडा डोक्यावर घेऊन चालून बघ, मग पूस." आम्ही तो तसाच ठेवला, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी मोजून नेमकं अंतरही लिहिलं. दोन्ही नकाशे बाळगा, कारण अधिकाऱ्याला मीटर लागतात आणि मीटर कशासाठी मोजले ते आजींच्या रांगोळीतून कळतं.

त्यानंतर मोबाइल. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर गल्ल्या आणि सार्वजनिक जागा चढवता येतात, कोबो या सर्वेक्षणाच्या अ‍ॅपचा फॉर्म नेट नसतानाही भरता येतो. पण दोन्हीकडे पत्रे आणि वर तीन मजले असलेल्या बोळात जीपीएसचा ठिपका पलीकडच्या गल्लीत उडी मारतो. म्हणून प्रत्येक ठिकाणासोबत एक पक्की खूणही लिहा, जसं विजेच्या खांबाचा नंबर, शौचालयापासून कितवं शटर, कुठल्या रोड नंबरचा कोपरा.

हवेचा छोटा मीटर मिळाला तर वापरा, पण जपून. दमट हवेत ही यंत्रं आकडा वाढवून दाखवतात, म्हणून आधी काही दिवस तो सरकारी केंद्राजवळ ठेवून दोन्ही आकडे ताडून बघा. आपल्याकडे पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. दोन्ही २४ तासांच्या सरासरीच्या आहेत, तेव्हा सकाळच्या एका आकड्यावरून "मर्यादा ओलांडली" असं कुठेही लिहू नका. एक चूक सापडली की पुढची शंभर पानं कुणी वाचत नाही. मीटर नसला तरी अडत नाही. चार घरांत कॅलेंडर टांगा आणि वास आला, धूर दिसला, खिडकी लावली याची वेळ त्या-त्या चौकोनात लिहायला सांगा. हिवाळ्यात धूर पहाटे खाली बसतो, त्यामुळे नोंद पहाटेचीही हवी. २८ जानेवारी २०१६ ला डम्पिंगला आग लागली तेव्हा धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ते दिवस बहुतेक घरांना आठवतात, तिथून बोलणं सुरू करता येतं.

गोष्टी गोळा करायला सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा. "प्रदूषणाचा त्रास होतो का?" असं विचारलं की "हो" एवढंच ऐकू येतं. "काल रात्री खिडकी कधी लावली? का लावली? मग पोरगं झोपलं का?" असं विचारा. कचरा वेचणाऱ्या बाया पहाटे निघतात, त्यांच्याशी त्या परतल्यावर, माल निवडायला बसल्यावर बोला, आणि बोलताना निवडायला हातही लावा. ज्या भाषेत माणूस बोलेल, मग ती मराठी असो, दख्खनी असो की भोजपुरी, त्याच भाषेत रेकॉर्ड करा. कार्यालयासाठी मराठी सारांश वेगळा लिहा. प्रत्येक गोष्टीला एक ठिकाण, एक तारीख, आणि जमल्यास एक कागद जोडा. औषधाच्या दुकानाची पावती चालेल, शाळेतली गैरहजेरीही चालेल. जागा नसलेली गोष्ट लोक हळहळून ऐकतात आणि विसरतात.

जाणत्या माणसांचं ज्ञान कागदावर आलं तर काय होतं, ते वरळीत दिसलं. होड्या कुठून जातात, वारा-करंट कसा ढकलतो, हे कोळी बांधवांनी लावून धरलं. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरऐवजी १२० मीटर करायला सरकारनं २०२२ च्या डिसेंबरात मान्यता दिली. त्यांची मागणी याहून मोठी होती, पण समुद्रातल्या वाटांची दखल घ्यावीच लागली.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. नकाशावर काय टाकायचं नाही, हे फिरायला निघण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवा. आपल्या राज्यात झोपडी १ जानेवारी २००० आणि १ जानेवारी २०११ या तारखांच्या आधीची की नंतरची, यावर तिचं नशीब, म्हणजे पुनर्वसनाचा हक्क, ठरतो. तेव्हा कोणतं घर कधी बांधलं, कोण भाडेकरू, पोटमाळा कुणी चढवला, हे एका वहीतही नको. आपला नकाशा तोडक कारवाईवाल्यांच्या हातात पडला तर काय होईल, हा विचार करूनच प्रत्येक ठिपका ठेवा. टीबीचा रुग्ण घरावर दाखवू नका, गल्लीचा आकडा द्या. गल्लीत एकच रुग्ण असेल तर दोन-तीन गल्ल्या एकत्र करा. लहान मुलांचे चेहरे नकोत. संमती लिहून घ्या, वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवा, आणि "मागाहून नको वाटलं तर सांगा, काढून टाकू" हे शब्द तोंडाने बोला. कुणी तसं सांगितलं तर त्याच दिवशी काढा.

नेण्याच्या दिवशी एक मोठा नकाशा, त्याच्या ए-फोर प्रती, मराठीत चिन्हांची सूची, उत्तर दिशा, मोजपट्टी, तारीख. मागण्या जास्तीत जास्त तीन, सगळ्या एकाच पानात. बोलायला ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच पुढे बसवा. आदल्या संध्याकाळी घड्याळ लावून दोनदा सराव करून घ्या, म्हणजे साहेबांच्या समोर घशाला कोरड पडली तरी शब्द सापडतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मूळ नकाशा संस्थेच्या कपाटात नको, वस्तीतच कुठे राहील ते आधी ठरवा. आम्ही लॅमिनेट करून अंगणवाडीच्या भिंतीवर, लहान मुलांचा हात पोचणार नाही इतका वर लावला आणि शेजारी दोरीला एक मार्कर बांधला. एक फेरी मेमध्ये होते, तीच गल्ली ऑगस्टमध्ये पुन्हा. दुसऱ्या फेरीला कोण येणार त्या चौघांची नावं आजच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या.