चोंगछिंगचा हॉटपॉट: वजडी पंधरा सेकंद, भेजा पंधरा मिनिटं

चीनमधल्या चोंगछिंग शहरात हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात आपणच शिजवून खायचं जेवण, खायला बसण्याआधी तेलाची चौकशी करा. तिथला अस्सल लाल रस्सा गाईबैलांच्या चरबीत होतो. तिला ‘न्यूयौ’ म्हणतात. ती चालत नसेल तर आधीच ‘छिंगयौ’, म्हणजे वनस्पती तेलाचा रस्सा मागा. नको असलेली ताटली परत करता येते, उकळायला लागलेला रस्सा नाही. शाकाहारी मंडळींनी पांढऱ्या रश्श्यावरही भरवसा ठेवू नये. तो बहुधा हाडांचा किंवा कोंबडीचा असतो. गूगल चीनमध्ये चालत नाही, म्हणून भाषांतराचं दुसरं ॲप घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या.

तिखट ‘वेइला’ सांगा, म्हणजे सगळ्यात कमी. तरीही नाकातून पाणी येईल. जिभेला मुंग्या आणणारे दाणे ‘ह्वाजिआओ’चे, आपल्या तिरफळाचे सख्खे चुलतभाऊ. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ आपण चावत नाही, तसेच हेही बाजूला काढा. आणि रस्सा प्यायचा नसतो; तो पिण्याची चूक नवखे हमखास करतात.

भांड्यात नऊ खणांची जाळी असेल तर गंमत कळते. खण खालून मोकळे असतात, त्यामुळे तिखट सगळीकडे सारखंच; फरक असतो आचेचा. मधला खण धडधडून उकळतो, कोपऱ्यातले नुसते रटरटतात.

मधल्या खणात वजडी. ‘माओदू’ म्हणजे बैलाच्या जठराचा काळपट, काटेरी पडदा. एक पट्टी चॉपस्टिकमध्ये घट्ट धरा आणि रश्श्यात बुडवून वर काढा, पुन्हा बुडवा. तिथला हिशोब ‘सात वर, आठ खाली’, एकूण साधारण 15 सेकंद. कडा वळल्या, काटे ताठ झाले की काढा, कुरकुरीत लागते. हातातून सोडलीत तर तळाशी हरवते आणि मिनिटाभरात रबर होते, कारण जास्त उष्णतेने तिचे तंतू आकसतात. बदकाचं आतडं, ‘याछांग’, त्याहूनही लवकर होतं: गुंडाळी झाली की बस्स.

भेजा (‘नाओहुआ’, बहुतेक डुकराचा) मात्र कोपऱ्यात. जाळीच्या चमच्यात ठेवून किमान 10, शक्यतो 15 मिनिटं सोडून द्या. धडधडत्या रश्श्यात तो फुटतो, आणि घाई केली तर आत कच्चा राहतो. मधोमध तोडून बघा: आत गुलाबी दिसला तर परत टाका. नीट शिजलेला भेजा मऊ दह्यासारखा लागतो. बदकाच्या रक्ताच्या वड्याही (‘याश्युए’) त्याच्याच शेजारी. रक्ती खाणाऱ्यांना ओळखीची चव.

बुडवायला तिथे तिळाचं तेल देतात. वाटीत ठेचलेला लसूण दोन चमचे, कोथिंबीर, थोडं व्हिनेगर, हवं तर ऑयस्टर सॉस. गरम तुकडा तेलात बुडवला की निवतो आणि वरचं तिखटही उतरतं. तेल जास्त वाटलं तरी वाटी सोडू नका, नाहीतर तोंड पोळेल.

कच्च्या मांसाला लावलेल्या चॉपस्टिकने खाऊ नका, दुसरी जोडी मागून घ्या. पालेभाजी लाल रश्श्यात टाकलीत तर स्पंजासारखी तेल शोषते, ती पांढऱ्यातच बरी. बटाटा अगदी शेवटी: पिठामुळे रस्सा दाटतो आणि तळाला लागतो.